टाच

संध्याकाळी शिवनंदाच्या पोटावर हात ठेवला
तेव्हा उजव्या बरगडीखाली डोकं होतं,
लहान नारळाएवढं, ढकललं की जागच्या जागी डुलणारं.
ठोके बेंबीच्या वर, डावीकडं.
तिथं मी पेनानं फुली मारली
आणि चारठाण्याच्या दवाखान्यातून
एकशे आठला फोन लावला.
गाडी येलदरीकडं गेली होती, दुसऱ्या कुणासाठी.

धुरपताबाई कोपऱ्यात बसून होती,
आता सरकारी नियमानं हात रिकामे.
"पायाळू हाय," म्हणली. एवढंच.

दहाला फुलीवर ठोके सापडेनात.
क्षणभर माझेच थांबले.
नळी सरकवत नेली खाली, आणखी खाली,
बेंबीच्या पार चार बोटं.
तिथं होते. गिरणीच्या पट्ट्यागत, न चुकता.
फिरलं नव्हतं. उतरत होतं.
दुसरी फुली मारली.

साडेबाराला मोजा घातला.
बोटाला मऊ लागलं. तोंड का बूड?
तोंड असतं तर हिरड्या लागल्या असत्या,
बोट चोखलं असतं एखाद्या वेळी.
हे गप्प. दोन बाजूंना दोन हाडं, मधी खळगा,
तिन्ही एका ओळीत,
आणि मोज्यावर काळंहिरवं, काजळासारखं चिकट.

दीडला शेजारी आणखी काहीतरी आलं, बारीक.
हात का पाय?
अंगठा आडवा वळेना.
बोटं आखूड, सगळी एका रांगेत,
आणि मागं, काटकोनात,
टाच.
हाताला टाच नसते.
एवढं साधं, पण त्या रात्री
ते मला नव्यानं कळलं.

"वढू नको," धुरपताबाई बोलली,
"तिच्या पायानं येऊ दे. फकस्त पाठ वर ऱ्हाऊ दे."
मी हात मांडीवर ठेवले.
माझ्याच हातांएवढं अवघड
मी आजवर काही धरून ठेवलं नाही.

बूड, पाय, बेंबी. पाठ वळत वळत वर आली.
खांदे. मान.
आणि संध्याकाळपासून बरगडीखाली बसलेलं ते डोकं
सगळ्यात शेवटी.

फाटकात गाडीचा हॉर्न वाजला
तेव्हा ती रडून दमली होती.

आठ वर्षांनी माझ्या पाठीत उसण भरली.
पायाळूची लाथ घ्या, म्हणल्या बाया.
मी हसले. नर्स ना मी.
मग दार लावून पोरीला बोलावलं, पालथी पडले.
"लागतंय का, सिस्टरबाई?"
मणक्याशी काहीतरी टेकलं, भीत भीत.

न बघता ओळखलं.