दुसऱ्या डावाआधी

पहिला डाव मी हरले.
वासू गिरप डावभर जागचा हलला नाही.
समोर बेटांचे पत्ते, त्यातले दोन कायम उभे, न वापरलेले,
आणि मी काही टाकलं की हळूच,
उधारी नाकारावी तसं,
"नाय गो."

बंदीचा चाळिसावा दिवस.
वेंगुर्ले बंदरावर होड्या झावळांखाली,
बर्फाचा कारखाना मुका,
त्याच्या मागच्या खोलीत आम्ही आठ जण
थर्माकोलच्या खोक्यांवर पत्ते मांडून.
खोक्यांना अजून सुरमईचा वास.
पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं आहेत, म्हणून चालतं.

दहा मिनिटं मिळतात.
समोर साठ, बाजूला राखीव पंधरा.

आधी काढायचं काय ते.
मारणारे चारही काढले.
त्याच्याकडे मारण्यासारखं कुणी नसतंच,
पहिला डावभर मी
कुलूप लावलेल्या घरावर दगड मारत होते.

मग हा लाल अजगर.
तीन आठवडे कोळंबी सोलून घेतलेला,
सहा डोंगर खर्चून येतो,
दोन बेटांत बुडतो.
तोही बाजूला. जड हाताने.

वासू रापणीचा माणूस.
जाळं लांबवर अर्धगोल सोडायचं
आणि किनाऱ्यावर विडी ओढत बसायचं.
बांगडा मरतो तो थव्याने फिरतो म्हणून.
मीही तेच केलं: एक, दोन, तीन, पाच उभे केले,
वाटलं, आता दोन फेऱ्यांत आटपतं,
आणि त्याने ओढलं.
एकच पत्ता.
माझ्या बाजूला नुसती खोक्याची पांढरी पाठ.

म्हणजे दोनच उभे करायचे.
दोघांनी चावत राहायचं, थोडं थोडं,
बाकीचे हातात धरून.
हे सांगायला सोपं आहे.
हातात चांगला पत्ता असला की माझी बोटं खाजतात.

मुडदुसा मात्र रापण आली की वाळूत शिरतो,
जाळं वरून निघून जातं.
तसे चार पत्ते आहेत माझ्याकडे:
जमीन म्हणून बसतात,
त्याने सगळं ओढून नेलं
की उठतात. ते आत.
त्याच्या हातात डोकावून एक काढून टाकणारे, तीन. आत.
'नाय' ज्यांना लागूच होत नाही, ते दोन. आत.
आणि लक्षात ठेवायचं:
हवा तो पत्ता आधी टाकायचा नाही,
आधी त्याचा धाकटा भाऊ पाठवायचा,
त्याच्यावर 'नाय' खर्च होऊ द्यायचं.

खरं तर हे पत्ते वासूचे नाहीत.
भूषणचे. दोह्याला जाण्याच्या आदल्या महिन्यात घेतले,
एकदाही खेळला नाही.
मला हा खेळ त्यानेच शिकवला, शाळेच्या कट्ट्यावर,
आणि तो माझ्याहून घाईचा होता:
सगळं टाकायचा, हरायचा, हसायचा.
या पत्त्यांत त्याला काय दिसलं कोण जाणे.
बापाने पेटी उघडली, पोराला फोनवर नियम विचारले,
रोज एक, रात्री, तिकडची पाळी सुटल्यावर.

"झाला काय गो तुजा?"
"थांब जरा."
"थांबतंय. माका काय घाई?"

हे बोलता बोलता त्याने पहिल्या डावातला हात
गड्डीत मिसळायला उलटा टाकला
आणि मी पाहिलं.
चार बेटं.
बस्स, चार बेटं, दुसरं काही नाही.
शेवटच्या तीन फेऱ्या मी अजगर हातात धरून बसले होते
त्या दोन उभ्या बेटांना भिऊन.

"तुझ्याकडे काहीच नव्हतं!"
"नाय."
"मग?"
"तू टाकलंस खंय?"

बाहेर खाडीचं पाणी चढत होतं.
मिनिटभर उरलं होतं.
मी राखीव पंधरांतला एक पत्ता उचलला,
एक आत घातला, एक बाहेर काढला.
कुठला, ते इथे लिहीत नाही.
वासू वाचतो.