सहा-दहाची ट्रॉलीबस

वालपाराइसोत जून म्हणजे थंडी.
टेकडीवरचं आमचं पत्र्याचं पिवळं घर,
खिडकीतून बंदर, क्रेन,
आणि खालच्या रस्त्यावर तारांची जोडी
जिच्याखालून आता काहीच जात नव्हतं.

नउएल, माझा भाऊ, नऊ वर्षांचा.
रोज सहा-दहाची ट्रॉलीबस,
उजवीकडची, चाकावरची सीट,
या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.
कुठे पोचायचं नसायचंच.
जाणं हेच काम होतं.

आईनं विषाणूचं चित्र काढलं, काट्यांचा चेंडू.
त्यानं चेंडूला चार चाकं जोडली
आणि सहाला बूट घालून दारात उभा राहिला.

सहा-दहा झाले.
सहा-अकरा.
मग भिंत.
कपाळ आणि भिंत, कपाळ आणि भिंत,
आई मधे हाताचा पंजा घालायची,
तिची पेरं काळीनिळी झाली.
पलीकडून एल्सिराबाई झाडूच्या दांड्यानं ठोकायच्या,
त्यांना वाटायचं आम्ही खिळे मारतोय.

मी चौदाची होते.
न्हाणीघराला कडी लावून गणिताच्या तासाला बसायचे,
माइक बंद करून,
आणि मनात म्हणायचे: हा दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर.
तीनदा म्हटलं. मोजलंय मी.

त्याच्या थेरपीच्या इवोनबाई पडद्यावर आल्या,
चेहरा, गळा, कानातले.
नउएलनं टॅबलेट उलटा करून पाहिला,
बाईंचं बाकीचं अंग कुठाय?
बाई हसल्या नाहीत.
उठून खुर्चीवर चढल्या
आणि लोकरीचे मोजे घातलेली पावलं दाखवली त्याला.
मग आईला म्हणाल्या,
त्याला बस विसरायला नको शिकवूया.
बस कुठे मिळते ते बघते.

मिळाली. एवारिस्तो नावाची.
बत्तीस वर्षं ट्रॉली चालवून घरी बसलेला म्हातारा,
दम्याचा, मुलगी लांब उत्तरेला,
फोन चार्ज करून ठेवायचा, कुणी करत नसे.

सोमवारी सहा-दहाला घंटी वाजली.
"दारं बंद होताहेत," घोगरा आवाज.
मग हवेचा फुस्स, तोंडानंच काढलेला.
नउएलनं जेवणाच्या टेबलाची उजवी खुर्ची ओढली.
"मासळीबाजार."
"घड्याळाचा चौक."
म्हातारा लाल दिव्यालाही थांबायचा,
खराखुरा, मोजून तेवढे सेकंद,
आम्ही सगळे गप्प,
दिवा हिरवा होईतो आई कांदासुद्धा चिरत नसे.

एकदा दांडा तारेवरून निसटला.
"उतरून लावून येतो," म्हणाला,
आणि चार मिनिटं नुसता खोकला ऐकू आला.
नउएल हलला नाही.
प्रवासी बसतात तसा बसून राहिला.

एकदा चौकच विसरला.
नउएल असा किंचाळला की फोन माझ्या हातून पडला.
"बरोबर आहे तुझं," जमिनीवरून आवाज,
"मागे घेतो."
आणि घेतली त्यानं बस मागे, घुर्र घुर्र,
भर रस्त्यात, एकही गाडी नसलेल्या.

एल्सिराबाईंनी खिडकीतून विचारलं,
तुमची ही गाडी आमच्या भिंतीशी थांबते का हो?
गुरुवारी त्या पलीकडे खुर्ची लावून बसायच्या.
नउएलनं त्यांना तिकीट दिलं नाही. उतरवलंही नाही.

भिंत संपली असं नाही.
कधी बस वेळेवर येऊनही भिंत असायची,
का, ते कुणालाच कळलं नाही.

मग एक दिवस तारा थरथरल्या.
आम्ही दोघं खाली गेलो, मास्क लावून,
त्याचा त्यानं हनुवटीवर ओढलेला.
हिरवी ट्रॉली आली, दार उघडलं,
आत नवा पोरगा, तोंड झाकलेला, मुका.
नउएल चढेना.
रांगेत मागे कुणीतरी चुकचुकलं.
त्यानं माझ्या खिशातून फोन काढला,
नंबर त्याला पाठ होता,
आणि हात लांब करून ड्रायव्हरच्या कानापाशी धरला.

घंटी वाजत होती.
पोरगा फोनकडे बघत होता.
दार उघडंच होतं.