उतरवलं: एक

दर महिन्याच्या दोन तारखेला मी आकडे काढते.
खाऱ्या हवेनं कीबोर्डाचं शून्य अडकतं,
दोनदा दाबावं लागतं.

नियम ठरलेले आहेत.
तीस सेकंदांत कुणी दोनदा क्लिक केलं
तर ते एकदाच धरायचं.
रात्री यंत्रं येतात, सगळंच ओरबाडून नेतात,
ती वगळायची.
गेल्या महिन्यात तीनशे बारा वगळली,
तोडणकर सरांच्या निबंधाला उरला
एक.

सरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
फोन येतो. आधी हवा, मग सुरमईचा भाव,
मग हळूच, "आपल्या तिसऱ्यांचं काय?"
बत्तीस पानं. खाडीतली तिसरी
किती लहान असताना उचलू नये.
चार वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून मोजलेलं,
आता कुणालाही, कुठूनही, फुकट.
"एक, सर."
पलीकडे पंख्याची घरघर.
"म्हणजे शून्य नाही," ते म्हणतात.

तो एक मला रविवारी भेटला,
भाट्याच्या खाडीवर, सुकतीला.
मी म्हटलं, वाट्यावर अजून चार टाक गं, बारक्या का होईना.
हलिमाबी सोलकर म्हणाली,
"बारक्या नाय उचलत आमी. कागदात लिवलंय."

कागद?

तिनं कमरेची पिशवी सोडली.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पान एकोणीस,
झेरॉक्सची झेरॉक्स, आकृती पार काळवंडलेली,
कडेला बॉलपेनची आडवी रेघ: एवढी.
पुतण्यानं फोनवर उतरवलं म्हणे,
राजिवड्यात प्रती काढल्या.
तेवीस बायका. वाचता येतं दोघींना.
बाकीच्यांनी ती रेघ
आपापल्या अंगठ्याच्या पेरावर मापून घेतली
आणि कागद परत दिला.

सोमवारी तक्ता उघडला.
पाहिलं. उतरवलं. संदर्भ दिला.
अंगठ्याला रकाना नाही.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला,
मी तेवीस लिहिलं, खोडलं.
नियम मीच तर शिकवते नव्या मुलांना.
एकच लिहिलं.

मग सरांना फोन लावला, तारीख नसताना.
ते घाबरले. "काढून टाकलं का संकेतस्थळावरून?"
नाही सर.
येत्या रविवारी सुकती साडेसातला आहे.
जुनी चप्पल घालून या.
आणि हो, वाटा मोठा मागू नका,
ती देणार नाही.