निवू दे

मिसळणाच्या जुन्या डब्यात सात वाट्या,
त्यातल्या पाचांत भिंगं.
सहावीत धोतराचं मऊ फडकं,
सातवीत एक लवंग, ती कधीची कोणाला ठाऊक.
सुपडू अप्पांच्या दुर्बिणीतून
गुरूलासुद्धा हळदीचा वास येतो,
असं मी एकदा म्हटलं. ते हसले नाहीत.

सावद्याबाहेर, केळीच्या बांधावर
डबा त्यांनी खाटेवर ठेवला,
झाकण बोटभर तिरकं:
दव आत पडू नये, घरची ऊब निघून जावी.
नळीचं तोंड सातपुड्याकडे उघडं.
मग मनगट वळवून पाहिलं.
चाळीस वर्षं गावाची घड्याळं उघडलेला माणूस,
स्वतःचं मात्र चार मिनिटं मागे.
"तासभर," म्हणाले. "निवू दे."

मी एकोणीस वर्षांचा.
एक भिंग चोरून लावलंच.
मृगाच्या तलवारीतला तो धुरकट ठिपका
तापल्या तव्यावरून पाहावा तसा
हलत होता, वितळत होता.
"घरची चूल बरोबर घेऊन आलंय ते,"
पाठ न वळवता अप्पा म्हणाले,
"खाली ठेव."

अकराच्या सुमाराला यादव बऱ्हाटे आला,
डोक्यावर गोणपाट, मुठीत काडेपेटी.
पारा सातावर.
त्याची बाग नुकती निसवलेली,
एवढ्या गारठ्यात घड चिंबतात, पान करपतं.
त्याने बांधाबांधावर ओला पाला पेटवला, पाचट पेटवलं,
आणि धूर उठून
आमच्या आभाळावर सारवल्यासारखा बसला.

जी थंडी आम्ही झाकण तिरकं करून
आत बोलावत होतो
तिलाच हा माणूस हाकलत होता,
खोकत, शिव्या देत, एका ढिगाकडून दुसऱ्याकडे पळत.
मी अप्पांकडे पाहिलं.
त्यांनी नळीवर चादर टाकली,
डब्याला हात लावला नाही.
"चल. पाचट ओढू लाग."

तीनपर्यंत आग राखली.
भडकू द्यायची नाही, विझू द्यायची नाही,
नुसती धुमसत ठेवायची.
विमलकाकूने गुळाचा चहा आणला, ग्लास हातात धरवेना.
यादव म्हणाला, तुमच्या ताऱ्यांचा खोळंबा केला.
अप्पा म्हणाले, ते कुठे जातात.

मग डोंगरावरून वारा उतरला,
धूर तापीकडे सरकला.
उत्तरेला सप्तर्षी चांगले वर चढलेले.
मी धावलो. डबा गार, हाताला चिकटेल इतका गार.
अप्पांनी दंड धरला.
"भिंगं निवली. तू कुठे निवलास?
जाळावरून उठून डोळा लावशील,
तुझीच वाफ बसेल काचेवर."

तेव्हा आम्ही तिघं, काजळलेले,
केळीच्या ओळीपाशी नुसते उभे राहिलो.
अंगातली शेकोटी कानांतून, बोटांतून
हळूहळू निघून जात होती.
किती वेळ, ते अप्पांनीही पाहिलं नाही.
एका घडावरून दवाचा थेंब पडला,
तेवढा ऐकू आला.

पहिला मान यादवचा.
त्याने टोपी काढली, का कुणास ठाऊक,
श्वास बाजूला सोडला, वाकला.
नळी वसिष्ठावर होती.
बराच वेळ गप्प.
"हे तं दोन हायेत!"
"दोनच आहेत," अप्पा म्हणाले.
"आज हलत नाहीयेत, एवढंच."

मग मी. दोन टिंबं,
सुईने टोचलेली,
मधली काळोखाची फट इतकी स्वच्छ
की डोळे निवले हा शब्द
मला तिथे, पाठ मोडून उभं असताना, कळला.

उजाडल्यावर दिसलं:
वरच्या अंगाची दोन ओळी पानं पिवळी,
बाकी बाग उभी.
यादव पिवळ्या पानांवरून हात फिरवत होता.
अप्पांनी डब्याचं झाकण दाबून घट्ट बसवलं.
आत नेताना हे उलटं, म्हणाले,
ओसरीवर ठेवायचा, उघडायचा नाही,
घराला लगेच शिवू द्यायचं नाही.

आईने विचारलं, काय दिसलं रात्रभर?
मी ओट्यावर बसलो होतो.
कपड्यांना पाचटाचा वास.
सांगतो म्हटलं,
जरा थांब.