कार्ड घातलेलं नाही

दा खुरेच्या बाजारात जायचं तर सकाळीच जा, ल्हाग्वा,
विकणाऱ्याचा पहिला चहा व्हायच्या आत.
आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं
तर तो तुझ्याआधी उठलाय
आणि गाडीचं खोकणं उरकून घेतलंय. मागे फिर.

आकड्यावर भाळू नकोस.
मीटर वय चोरतो, त्याला चोरायला लावणारे
तिथेच कोपऱ्यावर बसतात.
बाबा घोड्याचा ओठ वर करून दात बघायचे, आठवतं?
तू ब्रेकच्या पेडलचं रबर बघ.
रबर गुळगुळीत आणि मीटर म्हणतो साठ हजार,
तर दोघांतला एक खोटारडा,
आणि रबराला काही बोलता येत नाही.

खिशात फ्रिजवरचं चुंबक ने.
बॉनेटला लावू नकोस, ते अ‍ॅल्युमिनियमचं, हसं होईल.
दारांवरून फिरव. जिथे गळून पडेल
तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.
डिकीतली चटई उचल, स्टेपनीच्या खळग्यात नाक घाल.
माणसं वासावरून ओळखायची तुझी अक्कल
लग्नात नाही वापरलीस, इथे वापर.

पांढरी घेऊ नकोस, बर्फात सापडत नाही.
(बाजारात सगळ्या पांढऱ्याच आहेत. घे.)

स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडे.
पुढच्या ट्रकच्या पलीकडचं
गान्खुयागला दिसत नाही, शेजारी बसून मला दिसतं.
मी म्हणते, थांब. मी म्हणते, आता.
अकरा वर्षं आमचा संसार या दोन शब्दांवर चाललाय.

मागच्या सीटशेजारी एक जाळी असते, छोटी, कोणी बघत नाही.
योंदोनने आमची उघडली तेव्हा निघालं:
कुठल्याशा जपानी कुत्र्याचे केस,
एक लाल बटण,
आणि आमच्या पोरांनी सांडलेला आरूलचा चुरा.
दोन घरांचा केर एकाच पंख्याला चिकटलेला.
दर सप्टेंबरात साफ कर. योंदोन म्हणतो,
बॅटऱ्या म्हातारपणाने कमी मरतात,
श्वास कोंडून जास्त.

नमदाची गोधडी मी शिवून देईन, माप आण.
उणे पस्तीसला तीही पुरत नाही.
सासरे इस्पितळात होते त्या हिवाळ्यात
गान्खुयाग रोज रात्री तीनला खाली जायचा,
दहा मिनिटं गाडी चालू ठेवून परत यायचा.
पाय बर्फासारखे. मी झोपेतही जागा द्यायचे.
शेवटी फोन आला तो दुपारी चारला,
ऊन होतं, कुठलीही गाडी सुरू झाली असती.

आणि ती बाई.
किल्ली फिरवली की बोलते, जपानीत, फार अदबीने.
सासूबाई रोज उत्तर द्यायच्या, हो गं बाई, तुझंही भलं होवो.
आम्ही समजत होतो आशीर्वाद असेल,
नाहीतर सीटबेल्ट.
यंदा आनुंगूला शाळेत जपानी लागलं.
मागच्या सीटवर ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी.
म्हणाली, आजी, ती म्हणते, कार्ड घातलेलं नाही.
कसलं कार्ड?
टोलचं. त्यांच्या तिकडच्या रस्त्यांवरचं.

सिग्नल सुटेपर्यंत कोणी बोललं नाही.
मग सासूबाई म्हणाल्या,
अकरा वर्षं सांगतेय बिचारी,
आणि आपल्याच्याने एक कार्ड घालवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या फटीत
सासऱ्यांचं बसचं कार्ड सरकवलं.
आता ती काहीतरी वेगळं बोलते.
आनुंगूला कळतं, पण ती सांगत नाही.

तर आमची मागू नकोस, ल्हाग्वा. तुझी तू शोध.
घेतलीस की आधी इकडे आण.
चाकांवर दूध मी शिंपडेन,
टायरांवरची तारीख योंदोन वाचेल.
तुझी बाई काय म्हणते, ते सासूबाईंना ऐकायचंय.