सोळाचे साठ

विहाराच्या भिंतीला चुना मारून दोनच दिवस झाले होते,
अजून ओला वास यायचा.
तिच्यावर प्रफुलनं सिनेमा लावला:
बसऱ्याकडची लढाई, शंभर वर्षांमागची,
आवाज नाही, रंग नाही,
तीन मिनिटं चाळीस सेकंद.

मी मागे, खाटेवर.
चौदा वर्षं टुरिंग टॉकीजची मशीन चालवली मी,
दारव्ह्यापासून माहूरपर्यंत,
कार्बनच्या कांड्यांनी भुवया जाळून घेतल्या.
प्रफुलची मशीन डब्याएवढी.

आधी लावला, मिळाला तसाच.
खेचरं तुरुतुरु, माणसं तुरुतुरु,
स्ट्रेचर धरलेले दोघे कोंबड्यांसारखी मान झटकत
भिंतीच्या कडेला जाऊन संपले.
एक जण खंदकात असा उतरला
की पंगतीत जागा धरायची आहे.
पोरं हसली. मोठेही हसले.

मी म्हटलं, असे चालत नव्हते रे ते.
तेव्हा कॅमेऱ्याला दांडा असायचा, हातानं फिरवायचा,
सेकंदाला सोळा चित्रं, कधी चौदा, कधी अठरा.
पुढे मशिनी निघाल्या चोविसाच्या
आणि मेलेली माणसं दीडपट धावू लागली.
फिरवणाऱ्याचा हात थकला, की पडद्यावर धावपळ.
तो भ्याला, हात भरभर फिरला,
की सगळं संथ, पाण्याखालचं.
त्या लढाईत तो एकटाच दिसत नाही,
फक्त त्याचा हात दिसतो,
सगळ्यांच्या पायांत.

"थांबा आबाजी," प्रफुल म्हणाला,
"गुळगुळीत केलेला लावतो."
रात्रभर त्याच्या लॅपटॉपनं धापा टाकत
सोळाचे साठ केले होते.
पाऊल इथं होतं, मग तिथं आहे,
तर मधे कुठं असेल
ते आपल्या मनानं भरायचं.

लावलं, आणि सगळे गप्प.
माणसं माणसांसारखी चालत होती.
एकानं वळून थेट आमच्याकडे पाहिलं,
मग तंबाखू मळली, इतक्या सावकाश
की पुढे बसलेल्या कौतिकाबाईनं पदर सावरला.

तेवढ्यात शेषराव नगराळे उठले.
"मघाचं लाव ना बाप्पा. पयलं."
काय झालं?
"तो चवथा खेचरवाला पाह्य.
मघा लंगडत होता.
आता कायले लंगडत नाही?"

त्यांचा आजा उरकुडा खेचरं हाकायला गेला होता तिकडे.
सरकारनं बूट दिले, दोन्ही डाव्या पायाचे.
गावात अजून जोड जुळली नाही की म्हणतात,
उरकुड्याचे बूट झाले हे.
फोटो नाही त्याचा. राहिली ती चाल, तीही ऐकीव:
उजवा पाय आधी बाहेर फेकायचा,
मग टेकायचा.

प्रफुलनं पहिलं लावलं.
तोंडाच्या जागी डाग.
पण पाय बाहेर, झटका, खाली. बाहेर, झटका, खाली.
दुसरं लावलं:
पाय सरळ येतो, नीट, कवायतीसारखा.
मशीनला तो झटका फिल्मची चूक वाटला असेल.
तिनं दुरुस्त केला.

तो उरकुडाच होता, असं मी म्हणत नाही.
खेचरवाले हजारो, आणि बूट कोणालाच धड नसणार.
मी बोटांवर हिशेब केला:
साठातली चव्वेचाळीस चित्रं कोणी काढलीच नव्हती,
आणि आम्ही गप्प झालो ते त्यांच्यापुढे.

तंबूत दोन चित्रांच्या मधे पातं आडवं यायचं.
जवळपास अर्धा वेळ पडदा काळाच.
तिकीट पूर्ण घेऊन आम्ही अर्धा अंधार विकला,
कोणी पैसे परत मागितले नाहीत.
त्या अंधारात ज्याचा पाय जिथं जायचा
तिथं जायचा.
मी कधी हात लावला नाही.

शेषरावांनी पहिलंच चार वेळा पाहिलं.
मग टॉर्च लावून घराकडे निघाले, तुरीच्या धुऱ्यानं,
आणि मागून सातआठ पोरं,
उजवा पाय फेकत, खिदळत.
वाटलं, आता ओरडतील.
ते थांबले, वळले,
टॉर्च पोरांच्या पायांवर धरला.
"तसा नाही रे.
अजून भाईर फेक."