तिसरी थाप

विगन. नोव्हेंबर. बेकरीतली पाळी संपली
तरी हाताला मिरीचा आणि चरबीचा वास.
ग्रॅहम म्हणाला, घरी चल, आज बाबांची कुस्ती आहे.
बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, हे मला माहीत होतं.
गेलो.

हीटरची एकच कांडी पेटलेली. टीव्हीवर रिकामं रिंग.
महिनाभर रात्री जागून त्याने चौघं घडवली होती.
बिग वॉल्ट सग्डन, पोस्टरवर 'बार्न्सलीचा कसाई',
एरवी मंडईत फुलं विकायचा.
साखरेने आधी पाय नेला, मग त्याला.
गेममध्ये ग्रॅहमने दोन्ही पाय परत दिले.
सुलतान ओमर, म्हणजे बोल्टनचा डेरेक,
दाढी खरी, बाकी सगळं भाड्याचं.
रीटा मलकाही. टाऊन हॉलने बाईला रिंग दिलं नाही,
म्हणून जत्रेच्या तंबूत, चिखलात, तिकीट निम्मं.
आणि क्लिफर्ड ऑलरेनशॉ, 'खाणीतलं भूत', काळा मुखवटा.

"मुखवटा म्हणजे सोपं गेलं असेल," मी म्हणालो.
काही न बोलता त्याने बटण दाबून मुखवटा उतरवला.
आत अख्खा माणूस.
भुवईतला व्रण, गालात रुतून राहिलेला
कोळशाचा निळा ठिपका,
खालचा ओठ किंचित लोंबता,
एकेक रेषा केसभर सरकवत आणलेली.
"पण सामन्यात हे दिसणार कोणाला?"
"कोणालाच नाही," तो म्हणाला,
"पण आत घाम त्यालाच येणार ना."

दोन्ही कंट्रोलर त्याने सोफ्यावर पालथे घातले.
आज कोणी खेळायचं नाही, मशीनच लढवेल.
"बाबांना शनिवारी दुपारीच ठाऊक असायचं
रात्री कितव्या मिनिटाला पडायचं ते.
कँटीनमध्ये चहा ढवळत ठरायचं.
चाळीस वर्षं माणूस ठरवल्याप्रमाणे हरला.
आज तरी त्याला आधी कळू नये."

घंटा झाली.
खरं सांगतो, हसू आवरेना.
सुलतानाचा हात दोरात अडकून थरथरतोय,
वॉल्ट हवेलाच ठोसे मारतोय,
भूत एका कोपऱ्याकडे तोंड करून चालतंय, चालतंय,
पुढे जाईचना.
"गुडघा," ग्रॅहम म्हणाला, "तसाच चालायचा शेवटी."
मग मी हसलो नाही.

मधेच त्याने विचारलं, तुमच्याकडे हरण्याला काय म्हणतात?
म्हणालो, पाठ लागली. मातीला पाठ लागली की संपलं.
त्याने ते दोनदा म्हणवून घेतलं.
आणि आम्हा दोघांनाही एकदमच सुचलं असावं,
या चौघांची तर केव्हाच लागलीय.

विसाव्या मिनिटाला रीटाने भुताला उचललं,
आपटलं, वर पडली.
पंचाचा हात: एक. दोन. तीन.
ग्रॅहम उठून उभाच राहिला.
"रीटा! रीटाने पाडलं त्याला!"
बाबाने म्हणे एकदा स्वतःहून तिच्याकडून हरायची तयारी दाखवली होती,
मालकाने पगार कापायची धमकी दिली.
ओला चेहरा बाहीने पुसत तो म्हणाला, आता दहा टोले.
पहिलवान गेला की इथे रिंगची घंटा दहादा वाजवतात.
गेममध्ये तशी सोय नव्हती.

माझ्या डब्यातली स्टीलची वाटी होती, आणि काटा.
आवाज उघडून बाहेर विरून जाईपर्यंत थांबून
एकेक टोला दिला.
सातव्याला त्याचे ओठ हलले.
दहावा झाला. रात्रीचे पावणेबारा.

शेजारच्या घरातून भिंतीवर थाप आली.
एक.
मग आणखी जोरात, दोन.

आम्ही श्वास धरून बसलो,
तो पडद्याकडे बघत, मी भिंतीकडे.
हातातली वाटी अजून बारीक थरथरत होती.

तिसरी आलीच नाही.